मालदांडीचा खर्च कुणी मोजायचा?

हमीभावाचा तक्ता जाहीर झाला की मी सगळ्यात आधी त्याची तळटीप वाचतो. २०२५-२६च्या खरिपाच्या तक्त्यात ज्वारीला दोन ओळी होत्या. संकरित ज्वारी क्विंटलला ३,६९९ रुपये, मालदांडी ३,७४९ रुपये. फरक पन्नास रुपयांचा. आदल्या वर्षी ३,३७१ आणि ३,४२१ होते, तेव्हाही फरक पन्नासचाच. आणि खाली बारीक अक्षरांत ते नेहमीचं वाक्य: ‘अ’ दर्जाचं भात, मालदांडी ज्वारी आणि लांब धाग्याचा कापूस यांचा उत्पादनखर्च वेगळा काढलेला नाही.

म्हणजे सरकारदरबारी मालदांडीला नाव आहे, भावही आहे. पण ती पिकवायला काय लागतं याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. संकरित ज्वारीचा खर्च धरायचा, त्यावर भाव काढायचा आणि मालदांडीच्या नावाने वर चार पैसे ठेवायचे. हा तक्ता खरिपाचा. मालदांडी रब्बीची.

आमच्या सोलापूरकडे मालदांडीचं रान पावसाळाभर मोकळं ठेवतात. कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरतात आणि हस्ताच्या आगेमागे तिफण चालवतात. त्यानंतर पाऊस येईलच असं नाही. काळ्या रानाच्या पोटात साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ते पीक उभं राहतं. फेब्रुवारीत काढणी येते तेव्हा ताट विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण कडब्याची हातभर लांबीही सोडायची नसते. भेगाळलेल्या कडक रानातून ताटं उपटून उपटून हाताची सालं निघतात. मग कणसं खुडायची, पेंढ्या बांधायच्या, मळणी करायची. आज या भागात ज्वारीचं क्षेत्र घटतंय त्याचं कारण कुणालाही विचारा. पहिलं उत्तर हेच येईल की काढायला माणूस मिळत नाही. हा सगळा खर्च संकरित ज्वारीच्या हिशेबात कसा बसणार?

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि गवतं हा माझा विषय आहे. ज्वारी हेही एक गवतच. या तळटिपेमागे सरकारी दुर्लक्ष आहेच, पण त्याखाली एक जुना प्रश्न पुरलेला आहे. ज्वारी एक की अनेक? अडीचशे वर्षं वनस्पतिशास्त्रज्ञ यावर भांडत आलेत. त्यांनी शेवटी जे उत्तर काढलं ते त्यांच्या कामापुरतं बरोबर होतं. चूक पुढे झाली. त्यांच्यासाठी सोयीचं असलेलं उत्तर आपण शेती, भाव आणि बियाणं यांच्या कागदावर जसंच्या तसं उतरवलं. म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानात सापडलेल्या खापरांवर तिच्या तुसांचे ठसे आहेत. मडकी घडवताना मातीत भुस्सा मिसळत, त्यात ती तुसं होती. काळ इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकाचा. तिथून ती भारतात आली आणि इथे इतकी रुजली की बाहेरच्यांना ती इथलीच वाटू लागली. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने नोंद केली आहे की गेल्या दहा वर्षांत भारतातून इटलीत एक धान्य आलंय. दाणा मोठा, रंग काळा, ताट बोरूसारखं, उंची सात फूट. हे वर्णन ज्वारीचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शास्त्रीय नावांची सुरुवात लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञापासून होते. १७५३च्या ग्रंथात त्याने ज्वारीला ‘होल्कस’ या प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, घातलं. होल्कस म्हणजे युरोपातल्या कुरणांवर उगवणारं, हाताला मखमलीसारखं लागणारं गुडघाभर गवत. त्याच्या पंगतीला पुरुषभर उंच ज्वारी! लिनियसने तिला एकच नावही दिलं नाही. होल्कस सोरगम, होल्कस सॅकॅरेटस, होल्कस हॅलेपेन्सिस अशी नावं त्या ग्रंथात आहेत आणि १७७१मध्ये त्यात होल्कस बायकलरची भर पडली. हॅलेपेन्सिस म्हणजे अलेप्पोचं, ते सीरियातलं शहर. बायकलर म्हणजे दोन रंगांचं, बोंडाचा, म्हणजे दाण्याभोवतीच्या तुसांचा, रंग एक आणि दाण्याचा दुसरा.

या बायकलर शब्दापाशी मी वर्गात नेहमी थांबतो. आपल्याकडे एका गावरान ज्वारीला काळबोंडी म्हणतात. बोंडं काळी, दाणा पांढरा. ज्या खुणेवरून स्वीडनमधल्या पंडिताने लॅटिन नाव ठेवलं, त्याच खुणेवरून आपल्या बायाबापड्यांनी मराठी नाव ठेवलं होतं. नजर दोघांची सारखीच नेमकी. फरक असा की लॅटिन नाव जगभरच्या ग्रंथात गेलं आणि मराठी नाव बांधावरच राहिलं.

१७९४मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या मंक या शास्त्रज्ञाने ज्वारीला होल्कसमधून बाहेर काढून ‘सोरगम’ ही स्वतंत्र प्रजाती दिली. सोरगम बायकलर हे आजचं अधिकृत नाव त्याचंच. पण ते सरळ रुजलं नाही. पुढे कुणी तिला सोरगम वल्गेअर म्हटलं. १८८९मध्ये हॅकेल या ऑस्ट्रियन तज्ज्ञाने तर तिला ‘अँड्रोपोगॉन’ या अफाट प्रजातीत ढकललं, जिथे माळावरची अर्धीअधिक कुसळी गवतं आधीच कोंबलेली होती. १९१७मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या श्टाफ यांनी तिला पुन्हा वेगळं केलं. १९६१मध्ये क्लेटन यांनी मंकचं नाव कायम राखण्याचा रीतसर प्रस्ताव मांडला, तेव्हा कुठे गाडी मार्गी लागली. माझ्या आजोबांच्या आयुष्यात त्यांच्या शेतातल्या एकाच पिकाचं नाव असं दोन-तीनदा बदललं. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ते तिला जोंधळा म्हणत आले, रब्बीची असेल तर शाळू.

इथवरचा वाद प्रजातीचा होता. ज्याच्याशी आपला संबंध आहे तो वाद जातींचा. मराठीत शब्दांची एक अडचण आहे, ती सांगून टाकतो. शास्त्रात जीनसला प्रजाती म्हणतात आणि स्पीशीजला जाती. शेतकरी मात्र ‘ही जात चांगली’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वाण असतो. एकच शब्द दोघांच्या तोंडी दोन पायऱ्यांवर आहे आणि पुढचा घोळ नेमका या पायऱ्यांचा आहे.

१९३६मध्ये स्नोडेन यांचा लागवडीच्या ज्वारीवरचा मोठा ग्रंथ आला. युगांडात शेतीखात्यात काम केलेला हा माणूस पुढे क्यूमध्ये बसून आफ्रिका आणि आशियातून आलेले वाळवलेले नमुने तपासत राहिला. त्याने लागवडीतल्या ज्वारीच्या ३१ जाती ठरवल्या, त्यांचे १५८ प्रकार आणि ५२३ उपप्रकार. नंतर १९५५मध्ये रानटी आणि चाऱ्याच्या ज्वाऱ्यांवरही लिहिलं. भारतातल्या ज्वाऱ्या त्याने दुर्रा, सर्नुअम, सबग्लाब्रेसेन्स, रॉक्सबर्गाय अशा वेगवेगळ्या जातींत वाटल्या. इतक्या बारकाईने ज्वारीकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

पण या ३१ ‘जाती’ एकमेकींशी सर्रास संकर करतात आणि पुढची पिढी निर्वेध बी धरते. मग त्यांना वेगळ्या जाती म्हणायचं कशावरून? शिवाय स्नोडेनची जाती ओळखायची किल्ली घेऊन शेतात उभं राहिलं तर कणीस ओळखेपर्यंत दिवस मावळायचा. वाणपैदासकारांना ते झेपेना. म्हणून हार्लन आणि डी वेट या अमेरिकेतल्या जोडीने १९७२मध्ये सुटसुटीत पद्धत मांडली. लागवडीची सगळी ज्वारी एकाच जातीची, सोरगम बायकलर. तिच्यात पाच मुख्य वंश: बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि दुर्रा. या पाचांच्या आपसातल्या मिश्रणाचे दहा.

ही पद्धत किती देखणी आहे ते हातात भिंग घेतल्याशिवाय कळत नाही. ज्वारीच्या कणसात कणिशकं, म्हणजे फुलांचे बारके झुबके, जोडीने असतात. एक बिनदेठाचं, ते दाणा धरतं. दुसरं देठाचं, ते बहुधा नर किंवा वांझ. दाण्याभोवतीच्या दोन तुसांना आपण बोंड म्हणतो. गिनीमध्ये दाणा पिकताना बोंडात वळतो आणि बोंड आ वासून राहतं. कॉडेटमचा दाणा एका बाजूने चपटा, दुसऱ्या बाजूने फुगीर, कासवाच्या पाठीसारखा. काफिरचा दोन्हीकडून सारखा गोल. दुर्राचा दाणा खाली पाचरीसारखा निमुळता आणि वर रुंद, त्याच्या बोंडावर मधोमध आडवी घडी. बायकलरमध्ये लांब बोंडं दाण्याला मिठी मारून बसतात. पाच मिनिटांत वंश सांगता येतो. हजारो वर्षांपूर्वीच्या जळक्या दाण्यावरूनही पुष्कळदा सांगता येतो. महाराष्ट्रातल्या रब्बी ज्वाऱ्या प्रामुख्याने दुर्रा वंशातल्या. मालदांडीचं गोळीबंद कणीस आणि मोत्यासारखा दाणा त्याच घराण्याचा.

मी स्वतः हार्लन-डी वेट यांच्या बाजूचा आहे. ३१ जाती मानायला आधार नव्हता. जात एकच, हे बरोबर. माझ्या वर्गातही मी हेच शिकवतो.

एकदा प्रात्यक्षिकाच्या टेबलावर मी तीन कणसं ठेवली होती आणि मुलांना वंश ओळखायला सांगितला होता. तिन्ही दुर्राच होती. मुलांनी भिंगातून घडी पाहायची, पाचर पाहायची आणि तिन्हींपुढे दुर्रा लिहायचं, एवढीच अपेक्षा होती. मंगळवेढ्याकडची एक मुलगी भिंग न लावताच म्हणाली, “सर, ही मालदांडी, ही दगडी, आणि ही गुळभेंडी, हिचा हुरडा करतात.” दगडीचा दाणा तिने दाताखाली धरून दाखवला. तिच्या कागदावर मी तिन्हींपुढे दुर्रा लिहून घेतलं आणि गुण दिले. नियमाने ते बरोबरच होतं. पण तिने सांगितलेल्या तीन नावांसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात सलत आली आहे.

योगायोगाने हार्लन-डी वेट यांची मांडणी प्रसिद्ध झाली त्याच १९७२ साली महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळू लागला. मिलो म्हणजे ज्वारीच, सोरगम बायकलर, शंभर टक्के तीच जात. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांना घालतात. माझी आई तेव्हा नुकती सासरी आली होती. ती सांगते, मिलोच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नव्हती. कितीही मळलं तरी थापताना भाकरीच्या कडा फुटायच्या, तव्यावर पापुद्रा सुटायचा नाही. पोटात आग पडलेली म्हणून खाल्ली. पन्नास वर्षं उलटून गेली तरी तिच्या तोंडी ‘मिलो’ हा शब्द वाईट दिवसांचं नाव म्हणूनच येतो. तिला कुणी सांगितलं की शास्त्रानुसार मिलो आणि शाळू एकच, तर ती वाद घालणार नाही. तिला फक्त भाकरी थापता आली नाही.

अन्नाच्या कागदावर ‘ज्वारी’ हा एक शब्द लिहून भागत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. धान्य म्हणून पोहोचलं, जीव जगले, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण जातीची पायरी ही ताटाची पायरी नव्हे.

संकरित ज्वारीचंही असंच. देशातला पहिला व्यापारी ज्वारी संकर, सीएसएच-१, १९६४चा. त्याचा मादी वाण काफिर वंशातला, अमेरिकेतून आलेला. ठेंगणा, लवकर येणारा, भरघोस उतारा देणारा. खरिपात त्याने अनेक घरांत पोटभर धान्य आणलं, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण ऐन पक्वतेच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा, आणि कडबा आखूड व जनावरांना नकोसा. लोकांनी त्याला ज्वारी म्हटलंच नाही, ‘हायब्रीड’ म्हटलं. आजही बाजारात बाई विचारते, “ज्वारी आहे की हायब्रीड?” शास्त्राने एकत्र केलेलं लोकांच्या भाषेने पुन्हा वेगळं केलं.

आता सरकारच्या कागदांकडे या. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात ‘ज्वारी’ लिहिलं जातं. पेऱ्याची आकडेवारी खरीप ज्वारी, रब्बी ज्वारी एवढ्यावर थांबते. आणि धोरणाच्या पातळीवर तर आपण आणखी वरच्या पायरीवर गेलो. पूर्वी भरड धान्य म्हणायचे. २०१८मध्ये ती पोषक धान्यं झाली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं आणि आपण त्यांना ‘श्री अन्न’ म्हणू लागलो. या नावामागचा आदर मला मान्य आहे. ‘भरड’ शब्दात जो हलकेपणा होता तो गेला, बरं झालं. पण या एका शब्दाखाली ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरई, कोद्रा अशी निरनिराळ्या प्रजातींची धान्यं आली. गवतांच्या वंशवेलीत ज्वारी ही बाजरीपेक्षा उसाला आणि मक्याला जवळची आहे. गवती चहा आणि वाळाही तिच्याच गोतातले. लहानपणी ज्यांनी ज्वारीचं ताट सोलून चोखलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. इतक्या निरनिराळ्या पिकांना एक नाव, एक योजना, एक जाहिरात. वरच्या पायरीवरून खाली पाहिलं की मालदांडी आणि दगडी दिसेनाशा होतात.

त्या दिसेनाशा झाल्या तर काय बिघडतं, असं मला काही शिकलेली माणसंही विचारतात. बिघडतं ते असं. आज रब्बी ज्वारीच्या संशोधनाचा जो पाया आहे तो ‘एम ३५-१’ हा वाण १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ इथे स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. नव्वद वर्षं होत आली, तरी कोरडवाहू रानात त्याला अजून पुरतं मागे टाकता आलेलं नाही. दाणा, भाकरी, कडबा आणि अवर्षणात तग हे चारही एकत्र देणारा वाण प्रयोगशाळेत सहज घडत नाही. तो कुणीतरी कुणाच्यातरी शेतातून उचलला होता, आणि त्या शेतात तो होता कारण तिथल्या माणसांनी त्याला नावाने ओळखून, त्याची कणसं वेगळी काढून, बी म्हणून वर्षानुवर्षं जपलं होतं. नाव हे बियाण्याच्या जतनाचं साधन होतं. ज्या वाणाला नाव नाही त्याचं बी कुणी वेगळं ठेवत नाही. ते ढिगात मिसळतं आणि दळलं जातं.

या प्रजातीत लागवडीबाहेरचीही भावंडं आहेत. सोरगमच्या रानटी जाती वीसहून अधिक, त्यातल्या बहुतेक ऑस्ट्रेलियात. २००३मध्ये स्पँगलर यांनी प्रजातीचे तीन तुकडे करून काहींना ‘सार्गा’ आणि ‘व्हॅकोपॅरिस’ अशी नावं दिली. ते सगळ्यांनी स्वीकारलं नाही, वाद चालू आहे. आपल्या दख्खनच्या माळावर सोरगम पर्प्युरिओसेरिसियम नावाची एक रानज्वारी उगवते. खोडमाशीला ती जवळजवळ दाद देत नाही. पोंगेमर झालेला, म्हणजे खोडमाशीने कोवळे पोंगे सुकवलेला, ज्वारीचा प्लॉट ज्याने पाहिलाय त्याला या वाक्याची किंमत कळेल. तिचा लागवडीच्या ज्वारीशी संकर सहज होत नाही. तरी तो गुण तिथे आहे, त्या माळावर आहे. आणि तो माळ आपल्या नोंदीत काय म्हणून आहे? पडीक. इथेही पुन्हा नावाचाच प्रश्न. ज्याला पडीक म्हटलं त्यावर सौर पट्ट्या येतात, वृक्षारोपणाचे खड्डे येतात. गवत ओळखणारं कुणी तिथे गेलेलं नसतं.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप असा की गावठी नावांचा भरवसा नाही. एकाच वाणाला दोन तालुक्यांत दोन नावं आणि दोन वाणांना एकच नाव. खरं आहे. पण शास्त्रीय नावांचं काय झालं ते वर पाहिलंच. एकाच झाडाला होल्कस, अँड्रोपोगॉन, सोरगम म्हणून झालं. तिथे घोळ होता म्हणून नावं टाकून दिली नाहीत. प्रत्येक नावाखाली नमुना ठेवला, कुणी कुठे कधी गोळा केला ते लिहिलं आणि मग घोळ सोडवला. गावच्या नावांनाही हीच शिस्त लावता येते. नावासोबत कणीस, मूठभर बी, गाव, हंगाम आणि बी राखणाऱ्याचं नाव. हैदराबादजवळ पटनचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ज्वारीचे सुमारे ४० हजार नमुने थंडगार खोलीत आहेत. तिथे क्रमांक आहे आणि आपल्याकडे नाव आहे. या दोन टोकांना जोडणारी नोंद गावात व्हायला हवी.

दुसरा आक्षेप असा की सरकारी यंत्रणेला हे झेपणार नाही, प्रत्येक वाणाचा हिशेब कुठवर ठेवणार? मी प्रत्येक वाणाचा हिशेब मागतच नाही. स्नोडेनची ५२३ नावं मोडीत निघाली ती याचसाठी. मालदांडीचा मागतो. तिचं नाव तुम्हीच तक्त्यात छापलंय. जे नाव तुम्ही स्वतः भावासाठी वेगळं मानता त्याचा खर्चही वेगळा काढा. उपटणीची मजुरी धरा, कोरडवाहू रानाचा उतारा धरा, कडब्याचं उत्पन्न वजा करायचं तर तेही प्रामाणिकपणे करा. हिशेबाअंती फरक पन्नास रुपयांपेक्षा कमी निघाला तर मी तो आकडा मान्य करेन. पण न मोजताच ठरवलेला फरक मान्य करणार नाही.

भौगोलिक मानांकन झालं ना, असंही सांगितलं जातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये ते मिळालं, जालन्याच्या दगडी ज्वारीला अलीकडे २०२४मध्ये. दोन्हींचा मला मनापासून आनंद आहे. ‘दगडी’ हा शब्द, जो त्या मुलीच्या कागदावर मी लिहू दिला नव्हता, तो आता कायद्याच्या दप्तरी आहे. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, पेरणाऱ्याचा खर्च भरून देत नाही. ते एका टापूपुरतं असतं. खानदेशातली दादर, विदर्भातली वाणी, हुरड्याच्या सुरती, कुचकुची, दूधमोगरा, यांच्यासाठी प्रत्येकी अर्ज करत बसायचं का?

त्याची गरजही नाही. दोन कायदे आधीच आहेत. २००१च्या पीक वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करता येते. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलंय. स्थानिक नावांसाठी रकाना असलेला सरकारी कागद म्हणजे हीच वही. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२०ची मुदत घातली तेव्हा या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. वर्षानुवर्षं रखडलेलं काम काही महिन्यांत उरकायचं होतं. अनेक ठिकाणी एका गावची माहिती दुसऱ्या गावाला चिकटवली गेली. त्या वह्या आता कपाटात आहेत. कृषी महाविद्यालयांत आणि विज्ञान महाविद्यालयांत दरवर्षी हजारो मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या वहीतलं ज्वारीचं एक पान नीट भरलं तरी पाच वर्षांत महाराष्ट्राकडे जे तयार होईल ते आज देशात कुठे नाही.

ज्वारीखालचं क्षेत्र देशात एकेकाळी दीड कोटी हेक्टरांहून जास्त होतं. आता ते ४० लाखांच्या आसपास आहे. जी रानं ज्वारीतून उसाकडे, सोयाबीनकडे, मक्याकडे गेली त्यांच्याबरोबर तिथली नावंही गेली. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणारं नाही. ज्यांना नावं येतात ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी एका गावची ती वही मागून घेतली. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या गावाचा नाही. पिकांच्या पानावर अनुक्रमांक एक, पीक ज्वारी, स्थानिक नाव ज्वारी. पुढचे रकाने कोरे. मी आणि दोन विद्यार्थी पारावर बसलो, वही मध्ये ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत गेलो. तासाभरात सात नावं झाली. कुणी घरून कणीस आणलं, कुणी आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या जुडीतून दोन दाणे काढून हातावर ठेवले. मालदांडी, दगडी, गुळभेंडी, सुरती, लाह्यांसाठी ठेवतात ती बारीक दाण्याची, तांबडी, पिवळी. प्रत्येकीचा दाणा आम्ही कागदाच्या पुडीत बांधला आणि पुडीवर तारीख घातली.

उठता उठता एक आजी आल्या. काठी टेकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, काळबोंडी लिहिली का? माझ्या माहेरी असायची, बोंड काळंभोर, आत दाणा चांदणीसारखा. मुलाने वहीत आठवं नाव लिहिलं. मग पुडी हातात धरून विचारलं, आजी, बी कुणाकडे मिळेल? त्यांनी पारावर बसलेल्या एकेकाकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. आठव्या नावाची पुडी आम्ही रिकामीच बांधली आणि वहीत ठेवली.